नावाआधी चिकटलेला शिक्का

‘अगं, ती पांढऱ्या पायाची. लग्नाला वर्ष नाही झालं तर नवरा गेला!’ मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही? बोलणारी सहज बोलते आणि पुन्हा भाजी निवडायला लागते. पण जिच्याबद्दल बोललं गेलं, तिचं काय?

आधी हळदीकुंकवाचं बोलावणं थांबतं. मग पोटच्या मुलीला हळद लावायलाही आई मागेच उभी राहते. पुढे तर कुणी न सांगताच ‘तुम्ही करा गं, मी आहे इथे’ म्हणत ती आतल्या खोलीत जाते. शिक्का खरा बसतो तो तेव्हा, तिच्या स्वतःच्या मनावर. नीट राहिली तर ‘हिला कसलं दुःख!’, साधी राहिली तर ‘बिचारी’. सुटका कशातच नाही.

आणि नवरा कशानं गेला? दारूनं, अपघातानं की वेळेवर न झालेल्या उपचारानं? ते कुणी विचारत नाही. दोष पायांवर टाकला की सगळे मोकळे!

शिक्का पुसू पाहणाऱ्यालाही लोक सोडत नाहीत. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तर त्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे खचले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला.

त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद! त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

पण ठराव ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहतो. हळदीकुंकवाची यादी मात्र आपल्याच हातात असते, नाही का? ‘लोक काय म्हणतील’ म्हणताना ते लोक म्हणजे आपणच असतो.

तेव्हा येत्या संक्रांतीला यादी करताना गल्लीतलं जे नाव दरवर्षी गाळतो, ते आधी लिहूया. स्वतः जाऊन बोलावूया. पहिल्यांदा ती ‘नको गं’ म्हणेल. तरी पुन्हा जाऊया.