सोनाखान : एका जळालेल्या गावाची स्मृती

युद्धाची स्मृती प्रायः विजयस्तंभ, शिलालेख आणि दरबारी कागद यांच्या आधाराने टिकते. ज्या गावापाशी यांपैकी काहीच नव्हते, त्याची स्मृती कशी टिकली, हे छत्तीसगडमधील सोनाखान या गावावरून पाहता येते. पूर्वी रायपूर जिल्ह्यात असलेले हे गाव २०१२ पासून बलौदाबाजार-भाटापारा जिल्ह्यात मोडते.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि त्यांच्या अंमलाखालील छत्तीसगड कंपनी सरकारच्या कारभारात आला. १८५६ मध्ये दुष्काळ पडला. तेव्हा सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोलच्या माखन नामक व्यापाऱ्याचे कोठार उघडून धान्य भुकेल्या रयतेत वाटले. व्यापाऱ्याच्या तक्रारीवरून त्यांना कैद झाली. ऑगस्ट १८५७ मध्ये ते रायपूरच्या तुरुंगातून निसटले आणि सोनाखानला परतून त्यांनी सुमारे ५०० माणसे जमविली. स्मिथ या अधिकाऱ्याच्या फौजेने गाव जाळले. नारायणसिंह स्वाधीन झाले आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना देहान्त शासन झाले. ते स्थान आज जयस्तंभ चौक म्हणून ओळखले जाते.

कोठार उघडण्याची कृती एकच. परंतु तिला क्रियापदे दोन मिळाली. सरकारच्या लेखी ते 'लुटणे' होते, लोकांच्या तोंडी ते 'वाटणे' झाले. सारा संघर्ष या दोन शब्दांत सामावलेला आहे. लेखी पुरावा प्रामुख्याने पहिल्या पक्षाचा असल्याने दुसऱ्या पक्षाला मौखिक परंपरेचाच आश्रय घ्यावा लागला.

मृत्यूच्या प्रकाराविषयीही असाच द्विधाभाव आढळतो. फाशी दिली, असे एक कथन. तोफेच्या तोंडी दिले, असे दुसरे. १९८७ च्या टपाल तिकिटाने तोफेचेच चित्र स्वीकारले. फास चोरालाही मिळतो. तोफ मात्र बंडखोराचीच शिक्षा. ज्याला दरोडेखोर ठरविले गेले, त्याच्यासाठी लोकमानसाने तोफ निवडावी, यात एक न्याय आहे. हा केवळ तपशिलाचा दोष मानून अभ्यासकाने तो पुसून टाकू नये.

सोनाखानात दरवर्षी १० डिसेंबरला हुतात्म्याचे स्मरण केले जाते. मात्र त्या कथेचा आरंभ रणांगणावर होत नाही. तो धान्याच्या कोठारापाशी होतो. मराठी अभ्यासकाला सत्तावनचा उठाव मुख्यतः संस्थाने आणि सैन्य यांच्या संदर्भात परिचित आहे. भोसल्यांच्या राज्याच्या या पूर्व टोकाला त्याचे कारण भूक हे होते, एवढे तरी या गावाच्या स्मृतीने जपून ठेवले आहे.