खपलीच्या मुळाचं टोक

खपली गव्हाचं बी शेतकरी टरफलासकट पेरतो. प्रयोगशाळेत मात्र ते आधी सोलून घ्यावं लागतं आणि नखाने सोलताना या गव्हाचा हट्टीपणा कळतो. लोकवनची ओंबी तळहातावर चोळली की दाणा मोकळा होतो. खपलीच्या ओंबीचे तुकडे पडतात, दाणा आतच राहतो. सांगली-कोल्हापूरकडे हुग्गीसाठी पिढ्यान् पिढ्या ही खपली कांडणाऱ्या, पाखडणाऱ्या बायकांच्या हातांनी काय सोसलं असेल, ते मूठभर दाणे सोलतानाच ध्यानात येतं.

सोललेले दाणे ओल्या टिपकागदावर ठेवायचे. मुळं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वाढली की कापून २४ तास बर्फाच्या पाण्यात ठेवायची. गुणसूत्रं सुटी सुटी दिसतात ती फक्त पेशी विभागत असताना, आणि ही विभागणी चालते मुळाच्या टोकाच्या जेमतेम दीड-दोन मिलिमीटरांत. गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे पेशीतले धागे थंडीने मोडतात. ओढणारं कुणी उरलं नाही की गुणसूत्रं मध्येच थबकतात, आखडून जाड होतात. मग तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात मुळं टाकली की पेशी आहे त्या स्थितीत थांबते. पुढे ६० अंशांवरच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटं, म्हणजे पेशींना धरून ठेवणारा चिकटा सैल होतो. शेवटी कार्मिनचा लाल रंग.

खरं कसब यानंतर. रंगलेलं टोक काचपट्टीवर ॲसेटिक आम्लाच्या थेंबात ठेवायचं, वर पातळ कव्हरस्लिप, तिच्यावर सुईच्या मुठीने हलके ठोके, मग टिपकागद आणि त्यावर अंगठा. दाब सरळ खाली पडायला हवा. कव्हरस्लिप केसभर जरी सरकली तरी पेशी लाटल्या जातात आणि गुणसूत्रं विखुरतात. दाब कमी पडला तर ती एकावर एक चढून बसतात. हे पुस्तकातून येत नाही. मुरलेल्या माणसाशेजारी बसून त्याचा अंगठा बघतच शिकावं लागतं.

तेलाच्या भिंगाखाली चांगली पेशी सापडली की लालसर काड्यांचा पसारा दिसतो. एकेक काडी कागदावर रेखाटत मोजायची. खपलीची गुणसूत्रं २८ भरतात. त्यातल्या दोन जोड्या नीट पाहिल्या की ओळखू येतात, कारण त्यांच्या एका टोकाशी बारीक धाग्याने जोडलेला ठिपका असतो. या १बी आणि ६बी. गव्हाच्या कुळात गुणसूत्रं १४, २८ आणि ४२ अशा पायऱ्यांनी चढतात, हे १९१८ साली जपानच्या तेत्सु साकामुरा यांनी दाखवलं, तेही अशीच मुळं तपासून.

या पायऱ्या म्हणजे गव्हाची वंशावळच आहे. काही लाख वर्षांपूर्वी पश्चिम आशियात १४ गुणसूत्रांच्या दोन रानगवतांचा संकर झाला. एरवी असा संकर वांझ राहतो, कारण बीजपेशी घडताना कुठल्याच गुणसूत्राला जोडीदार मिळत नाही. इथे सगळा संच दुप्पट झाला, प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि खपलीचा रानटी पूर्वज उभा राहिला. पुढे माणसाने लावलेल्या अशा गव्हाचा कॅस्पियन समुद्राच्या परिसरात तिसऱ्या गवताशी संकर झाला आणि आपल्या रोजच्या पोळीचा ४२ गुणसूत्रांचा गहू आला. त्याचा जवळजवळ पूर्ण जीनोम २०१८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १६ अब्ज अक्षरांचा, माणसाच्या पाचपट.

नखांना छळणाऱ्या टरफलाचं कारणही आता ठाऊक आहे. दाणा सुटा होण्यामागे ५ए गुणसूत्रावरचं क्यू नावाचं जनुक मुख्य आहे. खपलीत त्याचं जुनं रूप टिकून आहे.

पण मला या गव्हाबद्दल सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. १९२२ साली अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी खोडावरच्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी गव्हाच्या वाणांचा एक संच ठरवला. त्यात खपली होती, याच नावाने. तांबेऱ्याच्या बहुतेक प्रकारांना ती दाद देत नसे. युगांडात १९९८-९९ मध्ये यूजी९९ हा तांबेरा समोर आला आणि जगभर ज्या प्रतिकारक जनुकावर भिस्त होती ते निकामी ठरलं. तेव्हा पुन्हा जुन्या गव्हांकडे नजर वळली. खपलीत असलेलं एसआर१३ हे जनुक यूजी९९ला अडवतं. ६ए गुणसूत्रावरची त्याची नेमकी जागा आणि रचना २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उलगडली.

भिंगाखाली यातलं काहीच दिसत नाही. बन्सी गव्हाची गुणसूत्रंही २८च भरतात. फरक आहे तो डीएनएच्या अक्षरांत, आणि तो हुडकायला कोवळ्या पानाचा तुकडा पुरतो. जुनी खपली गावागावांत वेगळी असू शकते. म्हणून एखाद-दुसऱ्या वाणाचं बी शीतपेटीत ठेवून भागेल असं मला वाटत नाही. एसआर१३चीच तांबेऱ्याला अडवणारी एकाहून अधिक रूपं सापडली आहेत, आणि प्रत्येक रूप तांबेऱ्याच्या सगळ्याच प्रकारांना सारखं अडवत नाही.