रिपोर्ट वाचून पाठ जास्त दुखतेय?

दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत, त्यात रस्त्यातले खड्डे आणि रात्री पलंगावर आडवं पडून पुन्हा लॅपटॉप. कंबर दुखणारच, बॉस! तीन-चार महिने बाम, शेकण्याची पिशवी, आईचं तीळतेल असं सगळं करून झालं की ऑफिसमधलं कुणीतरी सल्ला देतंच, 'एकदाचा एमआरआय करून टाक ना, टेन्शनच संपेल.'

संपत नाही. बऱ्याचदा ते तिथूनच सुरू होतं. त्या ठकठकणाऱ्या बोगद्यात निपचित पडून राहायचं, काही हजार रुपये मोजायचे आणि संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ येते: 'एल फोर-एल फाइव्ह, डिस्क बल्ज, डीजनरेटिव्ह चेंजेस.' वय वर्षं २९ आणि मणक्याची झीज? मग काय, जिम बंद, ट्रेक कॅन्सल, वाकून बुटाची लेस बांधायचीही भीती. माझ्या ओळखीतली एक जण तर या दोन ओळींपायी लग्नात नाचली नाही. सख्ख्या भावाच्या लग्नात!

आता जरा आकडे बघा. १९९४ मध्ये अमेरिकेत ९८ जणांच्या कमरेचा एमआरआय काढला गेला. यातल्या एकाचीही पाठ दुखत नव्हती. तरीही ५२ टक्के लोकांच्या मणक्यात निदान एका ठिकाणी डिस्क बल्ज सापडला! पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतल्या, पाठ न दुखणाऱ्या ३,११० लोकांचा एकत्र हिशोब मांडला गेला. विशीतल्या ३७ टक्के आणि तिशीतल्या ५२ टक्के लोकांमध्ये डिस्कची झीज दिसली. ऐंशीत तर ९६ टक्के. म्हणजे हे प्रकरण बरंचसं पांढऱ्या केसांसारखं आहे. केस पिकले म्हणून कुणाचं डोकं दुखत नाही.

खांद्याचीही तीच कथा. काही त्रास नसलेल्या ५१ पुरुषांच्या खांद्याची सोनोग्राफी केली, तर ९६ टक्क्यांमध्ये काही ना काही 'अॅबनॉर्मल' निघालं. हे सगळे ४० ते ७० वयाचे होते, एवढं लक्षात ठेवा.

मग तुमचं दुखणं खोटं का? अजिबात नाही. फक्त, स्कॅनमध्ये हाडं, गाद्या आणि नसा दिसतात, वेदना दिसत नाही. तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलेल्या दुखण्यात मज्जासंस्थाच हळवी झालेली असू शकते. अपुरी झोप, कामाचा ताण, हालचालीची भीती यांनी ती आणखी हळवी होते. यातलं काहीच फिल्मवर उमटत नाही.

बरं, फिल्म वाचणाऱ्यांचं तरी एकमत असावं? अमेरिकेत ६३ वर्षांच्या एका बाईंनी तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या सेंटरमध्ये एमआरआय काढून घेतले. पाठ एकच, रिपोर्ट दहा. त्यांत मिळून ४९ वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या होत्या आणि दहाही रिपोर्टमध्ये आलेली अशी एकही नव्हती! हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला.

मला सगळ्यात हलवून गेलं ते मात्र आपल्याकडचं, कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमधलं काम. जुनाट पाठदुखीच्या ४४ पेशंट्सचे दोन गट केले. एका गटाला रिपोर्टमधला प्रत्येक दोष समजावून सांगितला. दुसऱ्याला सांगितलं, घाबरू नका, वयानुसार होणारे हे बदल आहेत. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाचं दुखणं तुलनेत कमी सुधारलं होतं आणि आपली पाठ कामातून गेली, असं त्यांना जास्त वाटत होतं. पुढे याच टीमने तेच एमआरआय साध्या, न घाबरवणाऱ्या भाषेत लिहून पाहिले. नेहमीच्या भाषेतला रिपोर्ट वाचला की आजार जास्त गंभीर वाटायचा आणि ऑपरेशनकडे कल वाढायचा. आणि हे वाचणारे पेशंट नव्हते, आरोग्य क्षेत्रातलेच लोक होते!

याचा अर्थ एमआरआय फालतू, असा कुणी काढू नये. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पायातली ताकद कमी होत चालली असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल, जोरात पडला असाल, तर स्कॅन टाळायचाच नाही. मणक्याचा टीबी आपल्याकडे आजही आढळतो. आणि तरुणांनो, सकाळी उठल्यावर अर्धा तासाहून जास्त पाठ आखडलेली आणि हालचालीने मोकळी होणारी असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना भेटा. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस बहुधा याच वयात सुरू होतो आणि तिथे एमआरआय खरोखर कामाला येतो.

बाकीच्यांनी सेंटरचं पॅकेज बुक करण्याआधी डॉक्टरांना विचारा, 'या स्कॅनमुळे माझी ट्रीटमेंट बदलणार आहे का?' ब्रिटनमधल्या नाइस संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांचा रोख नेमका हाच आहे. उत्तर 'नाही' आलं, तर ते पैसे फिजिओथेरपीत घाला. आणि रिपोर्ट आधीच हातात असेल, तर डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नको, फिल्म किंवा सीडीही न्या. तुम्हाला तपासल्यावर ती त्यांनी स्वतः बघायला हवी.