बीम कधी चढलं?

इचलकरंजीची तब्येत कळायला मी आधी सायझिंगच्या दारात जाऊन उभा राहतो. खळ दिलेलं ताण्याचं सूत गुंडाळलेली बिमं टेम्पोत चढत असतील, तर पुढचे काही आठवडे माग चालणार. ती आवारातच रचून पडली असतील, तर मजुरीवर कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्यांकडे काम नाही. मंदी आधी इथे दिसते, कापडाच्या बाजारात नंतर.

इतकं खाली उतरावं लागतं, कारण शहराचं असं उत्पन्न कुणी काढत नाही. जिल्ह्याचं निघतं, तेही बरंचसं राज्याच्या आकड्यांची वाटणी करून. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी जिथे पहिला यंत्रमाग आणला, ते 2011च्या जनगणनेत 2 लाख 87 हजार वस्तीचं गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या बेरजेत विरघळून जातं.

मग आडमार्ग शोधावे लागतात. रात्रीच्या उजेडावरून आर्थिक वाढ जोखता येते, हे हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल या अर्थशास्त्रज्ञांनी 2012 साली दाखवलं. 2011मध्ये सोडलेला सुओमी एनपीपी उपग्रह रात्री दीडच्या सुमारास आपल्यावरून जातो. तेव्हा इथे रात्रपाळी सुरू असते. पण मागांचा उजेड पत्र्याखाली कोंडलेला. वरून दिसतात ते मुख्यतः रस्त्यावरचे दिवे. त्यात या उपग्रहाचा संवेदक 500 नॅनोमीटरच्या खालचा निळा प्रकाश टिपत नाही. सोडियमचे पिवळे दिवे काढून एलईडी बसवले की भरभराटीतलं शहरही त्याला मंदावलेलं वाटू शकतं.

वीज त्याहून खरं बोलते. यंत्रमागांना वेगळा वीजदर असल्याने त्यांचे युनिट वेगळे काढता येतात आणि मोटर फिरल्याशिवाय ते वाढत नाहीत. मात्र साध्या मागांच्या जागी हवेच्या झोतावर चालणारे एअरजेट माग आले की कॉम्प्रेसर वीज खातो आणि माणसं कमी लागतात. मीटर जोरात पळतं, पण पगार कमी घरांत जातो.

म्हणून मला मजुरी पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की कापडात एक आडवा धागा बसतो. तो एक पिक. मजुरी ठरते पिकांच्या हिशेबाने, मीटरमागे पैशांत. बीम संपलं आणि नवं यायला दोन दिवस लागले, तर माग उभा आणि त्या दोन दिवसांची मजुरी बुडाली. हे उभे दिवस कुणीतरी महिन्याच्या महिन्याला नोंदवायला हवेत. अवघड काहीच नाही. शेडमधल्या कामगाराला विचारा, मागचं बीम कधी उतरलं, नवं कधी चढलं. तो बोटांवर मोजून सांगतो.