शेजारच्या संगणकातून आलेले अपडेट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रयोगशाळेतील वीस संगणकांनी एकच अपडेट इंटरनेटवरून वीस वेळा उतरवून घेणे हा उघड अपव्यय असला, तरी ते एकदाच उतरवून स्थानिक जाळ्यात, म्हणजे लॅनवर, वाटून घेण्यास अनेकजण कचरतात. कारण मूळ सर्व्हर सोडून दुसऱ्या यंत्राकडून आलेली फाइल भरवशाची नसते, असा समज रूढ आहे. वस्तुतः डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींत भरवसा फाइल कोणत्या वाटेने आली यावर नव्हे, तर स्वाक्षरीवर ठेवलेला असतो. ‘रिलीज’ या फाइलवर वितरकाची डिजिटल स्वाक्षरी असते; त्या फाइलीत पॅकेजांच्या सूचीचा आणि त्या सूचीत प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे आशयावरून गणिताने काढलेला ठसा, नोंदवलेला असतो, त्यामुळे वाटेत एक बाइट बदलला तरी ठसा जुळत नाही आणि ‘एपीटी’ हा प्रोग्रॅम ती फाइल नाकारतो. ही व्यवस्था सर्वस्वी अभेद्य आहे असे मात्र म्हणता येत नाही : जानेवारी २०१९ मध्ये एपीटीतच असा दोष उघड झाला, की वाटेत बसलेल्या हल्लेखोराला खोटे पॅकेज खपवता आले असते, परंतु थेट इंटरनेटवरून अपडेट घेणारेही त्या दोषापासून सुरक्षित नव्हते.

वाटणीसाठी संपूर्ण भांडाराची शेकडो गीगाबाइटांची प्रत ठेवावी लागते, हाही गैरसमजच होय. ‘एपीटी-कॅशर-एनजी’ हा मध्यस्थ प्रोग्रॅम कोणीतरी मागितलेलेच पॅकेज साठवतो आणि पुढच्या मागणीला ते आपल्या साठ्यातून देतो. इतर संगणकांना प्रॉक्सी म्हणून त्याचा पत्ता आणि ३१४२ हा पोर्ट सांगितला की पुरते. एचटीटीपीएसने येणारी पॅकेजे मात्र कूटबद्ध असल्याने त्याला सहसा साठवता येत नाहीत.

खरा धोका असतो तो निरुपद्रवी वाटणाऱ्या पद्धतीत. पेनड्राइव्हवरून आणलेली पॅकेजची फाइल ‘डीपीकेजी’ या प्रोग्रॅमने थेट बसवली, तर वर सांगितलेली स्वाक्षरीची साखळी तपासलीच जात नाही, म्हणून हा मार्ग टाळणेच योग्य.

विंडोज १० पासून असलेल्या ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ या सोयीमुळे वैयक्तिक फाइली शेजाऱ्यांना दिसतात, ही भीतीही निराधार आहे, कारण तिच्यातून अपडेटांचे आणि ॲपचे तुकडेच दिले-घेतले जातात व स्वीकारण्यापूर्वी तपासले जातात. या सर्व पद्धतींत वाचते ते उतरवण्याचे काम. अपडेट बसवण्यास लागणारा वेळ प्रत्येक संगणकाला स्वतंत्रपणे द्यावाच लागतो.