डिस्ट्रोफिन : स्नायुपेशीचा अबोल जामीनदार

स्नायूंच्या आकुंचनाचा सारा मानमरातब ॲक्टिन आणि मायोसिन या जोडीच्या पदरात टाकण्याची पाठ्यपुस्तकांची जी जुनी वहिवाट आहे, तिच्यामुळे, स्नायूतील एकंदर प्रथिनांत ज्याचा हिस्सा जेमतेम ०.००२ टक्के, परंतु ज्याच्या गैरहजेरीत पेशीचा सगळा कारभार हळूहळू मोडीत निघतो, त्या डिस्ट्रोफिनकडे सामान्य वाचकाचे लक्ष सहसा जात नाही.

३,६८५ अमिनो आम्लांच्या या लांबलचक रेणूचा मुक्काम पेशीच्या आवरणाला आतून लागून असतो. त्याचे एक टोक ॲक्टिनच्या तंतूंना धरते; दुसऱ्या टोकालगतचा भाग आवरणात रुतलेल्या बीटा-डिस्ट्रोग्लायकनला बिलगतो आणि त्याच्या मध्यस्थीने पेशीबाहेरील लॅमिनिनशी संधान जुळते. मधला दांडा २४ सारख्या घड्यांचा. आकुंचनाचा ताण नाजूक आवरणावर एकवटू न देता बाहेरच्या आधारजालाकडे वाटून देणे, ही या साखळीची मुख्य कामगिरी.

ती तुटली की आवरणाला चिरा पडतात, कॅल्शियम बेसुमार आत शिरते, क्रिएटिन कायनेज रक्तात पाझरते आणि मेलेल्या तंतूंची जागा चरबी बळकावते. ड्यूशेन या फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार झालेला मुलगा जमिनीवरून उठताना आधी ओणवा होतो, मग गुडघ्यांवर, नंतर मांड्यांवर हात रोवीत स्वतःच्याच देहावर चढल्यासारखा उभा राहतो.

१९८७ मध्ये बोस्टन येथे कुंकेल आणि हॉफमन यांच्या चमूने हे प्रथिन हुडकले. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने फटका मुख्यतः मुलग्यांना बसतो. वीस लाखांहून अधिक अक्षरांच्या या अवाढव्य दफ्तरात मजकुराचे खंड अवघे ७९. गळालेल्या अक्षरांच्या संख्येला तिनाने भाग गेला, तर पुढचा मजकूर शाबूत राहून आखूड पण उपयोगी प्रथिन बनते आणि बेकरचा सौम्य विकार होतो. न गेला, तर पुढचे सारेच निरर्थक. निम्म्याच्या आसपास मजकूर गमावूनही साठी उलटल्यावर चालणारा एक रुग्ण १९९० मध्ये नोंदला गेला. दोन्ही टोके शाबूत असली, तर मधल्या दांड्याला बरीच कात्री चालते, हे त्यातून उमगले; विषाणूवाहकात मावेल असे तोकडे डिस्ट्रोफिन घडवण्याचा आजचा उपचार याच हिशेबावर उभा आहे, आणि माझ्या मते तो आशादायक असला, तरी निर्वेध मुळीच नाही.

मूल उशिरा चालू लागले, वारंवार पडत असले आणि त्याच्या पोटऱ्या अकारण फुगलेल्या दिसल्या, तर पालकांनी डॉक्टरांपाशी क्रिएटिन कायनेजच्या साध्या रक्ततपासणीचा विषय अवश्य काढावा.