विमान चुकलं, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’; तरी टॅक्सचे पैसे परत मिळतात! नियम काय सांगतो?

बोईसर किंवा पालघरहून मुंबई विमानतळ गाठायचा तर भरवसा पश्चिम रेल्वेवर, नाहीतर अहमदाबाद महामार्गावर. लोकल रखडली किंवा महामार्गावर कोंडी झाली की विमान चुकलंच म्हणून समजा. त्यातून तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कामगाराने छठला गावी जाण्यासाठी स्वस्तातलं तिकीट काढलेलं असेल, तर त्यावर ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलेलं असतं. मग ‘काहीच परत मिळणार नाही’ हे एजंटचं उत्तर ऐकून विषय तिथेच संपतो. पण तो संपायला नको.

नियम काय?

नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजेच डीजीसीएच्या १ ऑगस्ट २०१६ पासून लागू झालेल्या नियमानुसार तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नाही (नो-शो), तरी वैधानिक कर आणि विमानतळ शुल्क परत करणं कंपनीवर बंधनकारक आहे. ऑफरमधल्या आणि मूळ भाडं परत न मिळणाऱ्या तिकिटांनाही हे लागू आहे. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. रिफंड देण्यासाठी वेगळं शुल्कही आकारता येत नाही.

रक्कम किती?

मुंबई विमानतळावरून देशांतर्गत उड्डाणासाठी १६ मे २०२५ पासून यूडीएफ, म्हणजे वापरकर्ता विकास शुल्क, १७५ रुपये आहे. सुरक्षा शुल्क २०० रुपये. म्हणजे माणशी ३७५ आणि चौघांच्या कुटुंबाचे १,५०० रुपये. उतरण्याच्या विमानतळाचं शुल्क लागलं असेल तर ते वेगळं.

काय मिळत नाही?

पोर्टलची कन्व्हिनियन्स फी हा कर नाही, त्यामुळे ती सहसा परत येत नाही. कंपनीने कापून घेतलेल्या रकमेवरही जीएसटी लागतो, म्हणून भाड्यावरचा जीएसटी पूर्ण परत येईलच असं नाही.

एजंटकडून तिकीट काढलं असेल तर?

रिफंडची जबाबदारी विमान कंपनीचीच आहे, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी मानला जातो. ‘कंपनीकडून आले की देतो’ एवढ्यावर थांबू नका. पीएनआर घेऊन थेट कंपनीकडे विचारणा करा. क्रेडिट कार्डने पैसे भरले असतील तर तिकीट रद्द केल्यापासून ७ दिवसांत रिफंड मिळायला हवा. पैशांऐवजी ‘क्रेडिट शेल’ घ्यायचं की नाही, हे प्रवासी ठरवतो, कंपनी नाही. परदेशी कंपन्यांच्या बाबतीत मात्र रिफंड त्यांच्या देशाच्या नियमांनुसार मिळतो.

काय कराल?

१. तिकिटावरचा भाड्याचा तपशील पाहा. यूडीएफ, सुरक्षा शुल्क आणि कर यांची बेरीज करा.
२. विमान चुकणार हे लक्षात येताच, मुदत शिल्लक असेल तर तिकीट रद्द करा. चुकलंच, तर ‘नो-शो टॅक्स रिफंड’चा लेखी अर्ज करा.
३. उत्तर आलं नाही तर ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.
४. तरीही दाद लागली नाही, तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातूनच तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही.

भाडं गेलं तरी टॅक्स तुमचाच आहे. तिकीट आणि मेसेज डिलीट करू नका.